पांढरी सकाळी, गुलाबी रात्री

४ नोव्हेंबर

चपलेत रक्त! आणि मला पत्ताच नाही!

बायको, पुतळा, ओरडली म्हणून कळलं. नुकतीच लादी पुसलेली, त्यावर दारापासून मोरीपर्यंत माझ्या पावलाचे लाल ठसे. "अवो, काय तुडवून आलायसा?" मी म्हणलं, कुंकू सांडलं असेल. "कुंकू तुमच्या अंगठ्यातनं गळतंय!" बघतो तर खिळा. चपलेतून आरपार अंगठ्याखाली घुसलेला. कांदा-बटाटा मार्केटातून कोपरखैरण्यापर्यंत मी त्याच्यावर उभा राहून, चालून, शिट्टी मारत आलो!

सुटून आल्यापासून हे असंच चाललंय. पाय माझेच आहेत, पण त्यांची खबर माझ्यापर्यंत येत नाही.

पुतळाने हळद दाबून फडकं बांधलं. उद्या दवाखाना म्हणते. मी म्हणलं, खिळ्याला कोण दवाखान्यात जातं? ती काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा जावं लागतं.

५ नोव्हेंबर

नाही गेलो. मार्केटला गेलो.

शहाजी मुकादमाने हटकलंच — "हौसेराव, लंगडतोयस का?" चप्पल नवी आहे म्हणून ठोकून दिलं. भला माणूस आहे. मारामारीच्या केसमध्ये माझं नाव गोवलं गेलं, वर्षानुवर्षं कच्चा कैदी म्हणून आत काढली, शेवटी कोर्टाने निर्दोष म्हणलं. तरी हमालांच्या टोळीत परत घेताना चारजणांनी नाकं मुरडली होती. शहाजीने घेतलं. त्याला कसं सांगू की पाय गेलाय कामातून? हमालाचं सगळं भांडवल पायात!

७ नोव्हेंबर

अंगठा वांग्यासारखा झाला. पुतळाने हाताला धरून महापालिकेच्या दवाखान्यात नेलं.

काय शोभा झाली माझी! बाक रिकामा होता. तरी मी भिंतीला टेकून खाली उकिडवा बसलो. आत मोजणीला तसंच बसायचं असतं, अंगात मुरलंय. सिस्टरने नाव पुकारलं तसा ताडकन उठलो — मान खाली, दोन्ही हात मागं, आणि मोठ्यांदा "हाजिर!" सगळी रांग वळून बघायला लागली. पुतळाने माझे हात मागून सोडवले आणि पुढं आणून ठेवले.

सिस्टरचं नाव वैदेही. वयाने आमच्या लेकीएवढी असेल. पायाची जखम बघत विचारलं, "काका, कुठली औषधं चालू आहेत?"

"पांढरी आणि गुलाबी."

"नाव?"

"हौसेराव."

"तुमचं नाही हो, गोळीचं!"

आता गोळीला नाव असतं हे मला कुठं ठाऊक? आत खिडकीपाशी रांग लागायची. हात पुढं करायचा, गोळी मिळायची, तिथंच गिळायची, तोंड उघडून दाखवायचं. सकाळी पांढरी, रात्री गुलाबी. कशाची, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आत माणसाची विचारायची सवयच मोडते. सुटलो तशा गोळ्याही सुटल्या. मला वाटलं, आतला आजार आतच राहिला!

"आधी कुठे दाखवत होतात?" पुतळाच म्हणाली, "आत हुते."

"ॲडमिट होते?"

"व्हय. चार वर्सं आन् वर."

सिस्टरचा पेन थांबला. मग तिला उमगलं. मी खालमानेने लादीच्या चौकटी बघत होतो. आता उठवतील, आता दुसरीकडं पाठवतील. ती एवढंच म्हणाली, "मग जुने कागद मिळायला वेळ लागेल. आपण पहिल्यापासून सुरू करू. सोमवारी सकाळी उपाशीपोटी या, रक्त तपासायचंय."

इंजेक्शन दिलं, मग जखम धुतली. "दुखलं तर सांगा," म्हणाली. दुखलंच नाही. मी छाती फुगवून सांगितलं तर तिचा चेहरा उतरला. ह्यात वाईट वाटण्यासारखं काय?

१० नोव्हेंबर

आज अख्खा दवाखाना हसला. मीही हसलो, पण जरा उशिरा.

सिस्टर — "काका, काही खाल्लं नाहीत ना?"

मी — "छे! नुसती साबुदाण्याची खिचडी."

"काय?"

"बटाटा घालून. आणि एक केळं. उपासाला चालतं की!"

पुतळाने पहाटे उठून केलेली, शेंगदाण्याचं कूट घालून, वरून लिंबू! सिस्टर खुर्चीत बसलीच. डोळ्यात पाणी येईस्तोवर हसली. शेजारचा म्हातारा खोकत खोकत हसला. "काका, रक्ताला एकादशी कळत नाही हो! उपाशीपोटी म्हणजे फक्त पाणी!"

पुतळा येताना रिक्षात एकदम म्हणाली, "त्या पोरीनं तसं सांगायला नको?" मग तीही फसकन हसली. तिला असं हसताना मी किती दिवसांनी बघतोय.

उद्या खरा उपास. फक्त पाणी.

१२ नोव्हेंबर

शुगर. आणि बीपी. दोन्ही भरपूर.

डॉक्टरबाईंनी पायाला एक मऊ दोरा लावून विचारलं, "कळतंय?" मी डोळे मिटून बसलेलो. "कधी लावताय?" म्हणलं. लावून झाला होता!

शुगरने पायाच्या नसा बधिर झाल्यात. अजून थोडे दिवस हळद लावत बसलो असतो तर अंगठा काढावा लागला असता. हे ऐकून मी अंगठ्याला हात लावून बघितला, आहे ना!

बाई दुसऱ्या पेशंटकडं वळल्या. आत असतो तर गुमान बाहेर आलो असतो. आज दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हणलं, "सिस्टर, रागावू नका. पण शुगर म्हणजे काय? मी तर चहासुद्धा गुळाचा पितो."

रागावली नाही! स्टूल पुढं ओढलं. खाल्लेल्या अन्नाची साखर होते, ती रक्तातून फिरते, शरीराच्या कणाकणात शिरायला तिला इन्सुलिन लागतं, ते कमी पडलं की साखर रक्तातच तुंबते. मी विचार केला. म्हणलं, "म्हणजे मालाच्या गाड्या बाहेर लागल्यात, पण गाळ्याचं शटर उघडत नाही. आत माणसं उपाशी आणि रस्त्यावर कांदा सडतोय."

"अगदी बरोबर!"

"मग गुळाची गाडी असो नाहीतर साखरेची —"

"शटर तेच!"

गेला माझा गुळाचा चहा. पण समजलं! माझ्याच अंगात काय चाललंय ते मला पन्नाशीत पहिल्यांदा समजलं.

१३ नोव्हेंबर

गोळीचं नाव मेटफॉर्मिन. मी मेटफार्मिंग म्हणतो, शेतीची गोळी असल्यासारखं. दुसरी ॲम्लोडिपिन. ही पाठ व्हायला जीभ पिळून निघाली. सिस्टरने बजावलंय — रंगावर जाऊ नका, कंपनी बदलली की रंग बदलतो. नाव वाचायचं.

नाव वाचलं.

१६ नोव्हेंबर

पुतळा आता माझ्या पायांची मुकादम झालीय. कामावरून आलो की पाट मांडून बसवते, तळवे उलटेपालटे करते, बोटांच्या बेचक्यात बघते. आज शेजारच्या रंगूबाई दारात आल्या, बघून पदर तोंडाला लावला — "बाई बाई, नवऱ्याचे पाय धरून बसलीया!" पुतळा म्हणते, "पाय न्हाय, मार्केटचं भांडवल तपासतीया."

शहाजीलाही आज खरं सांगून टाकलं. तो शिव्या घालील वाटलेलं. तो खाली बघत म्हणाला, "माझ्याबी पायाला मुंग्या येत्यात रे." सोमवारी घेऊन जातोय त्याला. फक्त पाणी पिऊन ये म्हणलंय — दोनदा!

बूट घेतले, बंद आणि मऊ. हमालाच्या पायात बूट! टोळीत साहेब म्हणायला लागलेत.

२३ नोव्हेंबर

कृष्णातचा फोन आला. आत माझ्या बराकीत होता. माझ्यापेक्षा बराच लहान, शिराळ्याकडचा. दोन महिन्यांपूर्वी जामिनावर सुटला, करंजाड्याला एका बांधकामावर वॉचमनकी करतो. मला तात्या म्हणतो. त्याला अटक झाली तेव्हा बायको गरोदर होती. पोरगी झाली ती तो आत असतानाच. अजून त्याने तिला हातात घेतलेलं नाही, मोबाईलवर तेवढी बघितलीय; गावी जायला पैसे साठवतोय.

हसत हसत बोलत होता. पण दर दोन वाक्यांनी खोकत होता. आत त्याला टीबीच्या गोळ्या चालू होत्या, मला पक्कं आठवतंय. विचारलं, गोळ्या घेतोस का? "कशाला तात्या? खोकला ग्येलावता की! सुटल्यावर हवाच बदलली."

हवाच बदलली! मी वेगळं काय म्हणत होतो?

२४ नोव्हेंबर

वैदेही सिस्टरला विचारलं. टीबीची गोळी मध्येच सोडायची नसते. खोकला थांबतो पण जंतू जिवंत असतात, आणि अर्धवट सोडलं तर पुढं औषधालाही दाद देत नाहीत. लवकर आणा म्हणाली.

संध्याकाळी करंजाड्याला गेलो. गालफडं बसलीत पोराची. चहा पाजला. गुरुवारी येतो म्हणाला. शपथेवर.

२७ नोव्हेंबर

आला नाही. फोन बंद.

२८ नोव्हेंबर

काय दिवस गेला! नीट सगळं लिहितो.

सकाळीच बांधकामावर गेलो. तिथला सुपरवायझर म्हणाला, कृष्णात हिशेब मागून निघाला, गावी जातो म्हणाला. कधी? आत्ताच. रिक्षा केली, पनवेलचं एसटी स्टँड गाठलं. नव्या बुटांनी धावलो! फलाटावर सांगलीची गाडी लागलेली, माणसं चढत होती. खिडकीत कृष्णात. मांडीवर पिशवी, पिशवीतून खुळखुळा डोकावतोय.

आत चढलो. "उतर."

"तात्या, पोरीला बघायला चाललोय. आडवू नका."

"दवाखान्यात का आला नाहीस?"

खोकल्याची उबळ आली, रुमाल तोंडाला लावला, पटकन मुठीत दाबला. मी मूठ उघडली. लाल.

मग रडायलाच लागला. हळू आवाजात म्हणाला, "तितं नाव लिवत्यात तात्या. टीबीवाला म्हणून नाव लागलं की पोलिसास्नी कळतंय. जामीन रद्द. परत आत, येगळ्या खोलीत. मला एकानं सांगितलंय. एकदा पोरीला मांडीव घेतो, मग काय बी हूंदे."

खरं काय ते मला माहीतच नव्हतं. खोटा धीर देऊन उतरवता आलं असतं. पण आत लोकांनी आम्हाला खोटा धीर फार दिलाय. म्हणलं, "मला ठाऊक नाही. पण ठाऊक असलेल्या माणसाला विचारू." कंडक्टरने घंटी मारली. म्हणलं, साहेब, अर्धा मिनिट, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे! सिस्टरला फोन लावला, स्पीकरवर.

तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "कृष्णात, नाव लिहितात ते औषध चुकू नये म्हणून. आजार हा गुन्हा नाही. त्याने जामीन रद्द होत नाही. हवं तर तुमच्या वकिलाला विचारा, मी स्वतः त्यांच्याशी बोलते. औषध फुकट आहे. तुम्ही गावी गेलात तर तिथल्या सरकारी दवाखान्यात तेच पुढे चालू राहील. लपायची गरज नाही." मग विचारलं — "पोरगी केवढी आहे?"

"सात महिन्यांची."

"तिला तुमच्या खोकल्यातून टीबी होऊ शकतो. लहान लेकरांना फार जड जातो. आता नका जाऊ. औषध नीट सुरू झालं की काही आठवड्यांत धोका पुष्कळ कमी होतो. मग डॉक्टर सांगतील तेव्हा जा — आणि खुशाल मांडीवर घ्या!"

कंडक्टर हात घंटीच्या दोरीवर ठेवून ऐकत होता. कृष्णात पिशवीकडं बघत बसला. मग उठला. खाली उतरल्यावर म्हणाला, "तात्या, तिकिटाचं पैसं परत मिळत्याल का?" मला असलं हसू फुटलं! तोही हसला, मग खोकला, मग रुमाल लावून परत हसला.

थेट दवाखाना. दारात तो उकिडवा बसायला लागला. मी काखेत हात घालून बाकावर बसवला.

१ डिसेंबर

कृष्णातच्या थुंकीत टीबी निघाला. आज औषध सुरू. औषध लागू पडतंय का, तेही वेगळं तपासणार आहेत. बांधकामावर त्याच्यासोबत राहणाऱ्यांना तपासून घ्यायला सांगितलंय. शहाजीच्या ओळखीने बोनकोड्यात त्याला खोली बघितली, खिडकीवाली, हवा खेळती. पुतळा दोन्ही वेळचा डबा देते, अंडी घालून. दाराशी ठेवते आणि खिडकीतून दम भरते, "गोळी घ्येतली का? नाव सांग बगू तिचं!"

८ डिसेंबर

तीन सोमवार टाळाटाळ करून शहाजीने शेवटी तपासलं. त्याला पण शुगर! त्याला उगाच वाटतंय की माझी लागली. सांगितलं, बाबा, ही लागत नाही, कृष्णातचा खोकला लागतो. मला आता कुठलं लागतं आणि कुठलं लागत नाही हे कळतं. ऊर भरून आला एवढ्यावर!

१५ डिसेंबर

माझी शुगर उतरली! अजून बरोबर झाली नाही, पण उतरली. जखम भरली. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छान." मी विचारलं, छान म्हणजे किती आणि किती व्हायला पाहिजे? त्या हसल्या, खुर्ची सरकवून सगळं सांगितलं. विचारलं की सांगतात. बहुतेक वेळा सांगतात! मग इतकी वर्षं तोंड का शिवून बसलो?

गोळी मात्र चालूच. बरं वाटतंय म्हणून सोडायची नाही. कृष्णातला सांगून सांगून ते माझ्याच डोक्यात बसलंय.

२१ डिसेंबर

रविवार. वैदेही सिस्टरने एका संस्थेला सांगून आतून सुटलेल्या माणसांना बोलावलेलं. बायकाही होत्या. दवाखान्याच्या मागच्या हॉलमध्ये सतरंज्या. मला म्हणाली, "काका, तुम्ही आधी बोला." मी कसला बोलतोय! समोर सगळे पाठ ताठ, नजर खाली, जोडीजोडीने बसलेले.

म्हणलं, "मंडळी, मोजणी नाही. पसरून बसा." कुणी हललं नाही. मग मी साबुदाण्याच्या खिचडीची गोष्ट सांगितली. केळ्यापर्यंत आलो आणि मागून एकजण खदखदला. मग सगळाच हॉल! पाय पसरले गेले. आणि मग प्रश्न सुरू झाले, थांबेचनात. एकाला वाटायचं इन्सुलिन लावलं म्हणजे शेवट आला. एका बाईला आत डोक्याची गोळी चालू होती, ती घेतली म्हणजे आपण वेडी ठरतो म्हणून तिने सोडलेली, आणि झोप उडालेली. सिस्टर प्रत्येकाला शांतपणे सांगत होती. सांगून झालं की त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्यायची. मी मध्ये मध्ये मार्केटची भाषा घालत होतो.

शेवटी ती बाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "दादा, आज पहिल्यांदा कुणीतरी विचारलं, समजलं का म्हणून."

कृष्णात लांब उघड्या दाराशी मास्क लावून बसलेला. वजन वाढलंय. टाळ्या त्यानेच सुरू केल्या.

पुतळा डबा घेऊन आलेली, मागं बायकांत बसून सगळं ऐकत होती. येताना वाटभर मी आपला बडबडतोय, कोण काय बोललं, कोण कसं हसलं. ती नुसती माझ्याकडं बघत होती. दमली असेल.

२३ डिसेंबर

पहाटे चहा ठेवला नव्हता. पुतळा पलंगाच्या कडेला बसलेली. म्हणाली, "त्या बायांस्नी सांगत हुता, तसं मला बी सांगाल का?" माझा हात धरला, पदराखाली नेऊन छातीवर ठेवला. बोटांना लागली. सुपारीएवढी गाठ.

"कधीपासून?"

"तुमी आत हुता तवापास्नं. लेकीचं नवं लगीन... कुणाला सांगायचं?"

"मला ठाऊक नाही," म्हणलं. "पण विचारू. आपण दोघं मिळून विचारू."

केस विंचरतेय ती. मी तिच्या चपला दाराशी नीट लावून ठेवल्यात. निघतोय.